खिंडीतून तांडा दिसतो का?

जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, शेवंताबाई पुसद तालुक्यातल्या एका खिंडीत बैलाच्या पाठीवर उभ्या राहिल्या. त्यांचं वय बावन्न होतं. खाली त्यांचे पती परसराम आणि मी असे दोघेच होतो. कापसाचे भाव कोसळलेल्या वर्षांतली ही गोष्ट आहे.

मी नागपूरहून निघालो तो गुरुवारी, पहाटेच्या एसटीने. काम एकच होतं. शेवंताबाईंच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित त्यांच्या घरून घ्यायचं आणि सोमवारी नागपुरात प्रकाशकाच्या हाती द्यायचं. त्यांची एक कथा पूर्वी टपालात हरवली होती. तेव्हापासून टपालावर त्यांचा भरवसा नव्हता. मी वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीचं काम पाहत असे. त्यांच्या चार कथा माझ्या हातून छापल्या गेल्या होत्या. पत्रव्यवहार होता, भेट नव्हती.

यवतमाळ सोडल्यावर दारव्हा, मग दिग्रस. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली शेतं होती. दिग्रसच्या पुढे सपाटी मोडते. एक टेकडी येते, तिच्यामागून दुसरी वर येते, आणि पुसद जवळ येईपर्यंत क्षितिजावर निळ्या रेघांची घडी पडलेली असते. पुसदच्या स्टँडवरून जीपने तांडा (बंजाऱ्यांची वस्ती) तासाभराच्या अंतरावर आहे. जीपमध्ये मी तेरावा होतो. शेवटच्या वळणावर ड्रायव्हरने हातानेच पूर्वेकडे दाखवलं. तिथे डोंगर होता. दुपारचे दोन वाजले होते आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्याचा एकेक कडा वेगळा दिसत होता. खाली साग, मध्ये काळ्या दगडाचा पट्टा, वर पिवळं गवत. मधोमध खाच पडलेली. तीच खिंड. जीप थांबली तरी मी उतरायचं विसरलो.

"उतरा ना भाऊ," मागची बाई म्हणाली. "तो कुठी पळून नाही जात."

शेवंताबाईंचं घर दोन खोल्यांचं. त्यातली एक कापसाने आढ्यापर्यंत भरलेली होती. भाव वाढेल या आशेवर गावोगाव कापूस घरात ठेवलेला होता, तसाच इथेही. पूर्वी त्या याच खोलीत बसून लिहायच्या. चार वर्षांपूर्वी कापूस पहिल्यांदा आत आला आणि त्यांची पत्र्याची पेटी, वह्या, बसायचा पाट ओट्यावर आला. ओटा पूर्वेला, डोंगरासमोर.

"आत होती तं भिंत पाहून लिहे," त्या म्हणाल्या. "बाहीर आली अन् हा समोर बसलेला. मंग त्यालेच लिहून काढलं."

"कापसानं बायको घराबाहीर काढली," परसराम म्हणाले, "अन् डोंगरानं कागदात घातली. मले भाकर कोनी द्यावं?"

"चूल तुमालेबी दिसते," शेवंताबाई म्हणाल्या.

त्या अंगणवाडी सेविका आहेत. पहाटे पाणी, स्वयंपाक, मग थोडी वेचणी. डोंगर पूर्वेला असल्याने तांड्यावर ऊन उशिरा येतं. सावली ओट्यावरून उतरली की त्या पाटावर बसतात आणि अंगणवाडी उघडेपर्यंत लिहितात. तास, कधी अर्धा तास. चार वर्षं हाच क्रम. कादंबरी त्यांच्या समाजाची, लदेणीच्या (बैलांवर माल लादून नेण्याच्या) शेवटच्या दिवसांची आहे. शेवटी नवरी सासरी निघते, खिंडीपाशी पोचते आणि वळून आपला तांडा पाहते. मग डोंगरापलीकडे उतरते. पुन्हा कधीच येत नाही.

जेवायला ज्वारीची बाटी (भाकरी), अंबाडीची भाजी आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या. हस्तलिखित मागितल्यावर त्यांनी पेटी उघडली नाही.

"एक गोष्ट राह्यली भाऊ. खिंडीतून तांडा दिसते का?"

मी विचारलं, "तुम्ही कधी गेला नाहीत?"

"माहेर माह्यं तिकडं, पलीकडं. लग्नात जीपनं आली, रस्त्यानं, फेऱ्यानं. तीस वर्षं झाली, रोज पाह्यते. चढाले सवड कधी भेटली?" तांड्यात ज्याला विचारलं तो दिसते म्हणत होता. पण नक्की कोणी पाहिलं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. "दिसत नसन तं माहा शेवट खोटा. खोटा शेवट घेऊन पोरीले डोंगरापार कशी धाडू?"

शुक्रवारी दुपारी परसराम आणि मी चढलो. जुनी वाट अजून आहे, दगडांत बैलांच्या खुरांनी घासलेली. सागाची मोठी पानं पायाखाली कुरकुरत होती. दीड तासाने खिंड आली. तिच्या तोंडाशी काळ्या दगडाची आडवी भिंत आहे, माझ्या डोक्याहून वीतभर उंच. वाट तिला वळसा घालून सागात उतरते. भिंतीपाशी तांडा झाकलेला, सागात शिरल्यावर झाडांनी झाकलेला. मी भिंतीवर चढायला गेलो, दगड निसटला, गुडघा सोलला. परसरामांनी पाला चुरडून लावला आणि म्हणाले, "नवरी असं चढत नसते."

तांडा दिसला नाही, हे मी संध्याकाळी सांगितलं. शेवंताबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"बैलावर उभं राहून पाह्यलं?"

"नाही."

"मंग अर्धीच बातमी आणली तुमी."

बंजारा नवरी निघताना तिला बैलाच्या पाठीवर उभं करतात. ती दोन्ही हात वर करून हवेली (निरोपाचं गाणं) म्हणते. रीत तांड्यातच होते. कादंबरीतली मुलगी खिंडीत पुन्हा बैलावर चढते. "आडमुठी हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "कायले चढते म्हनसान तं मलेबी माहीत नाही. चढते."

मी गोठ्यात जाऊन सुतळीने बैल मोजला. पाठ माझ्या छातीपर्यंत आली. शेजारचे दोघे कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"काय मोजून राह्यले?"

"सदरा शिवाचा हाय बैलाले," परसराम म्हणाले.

मी हिशेब करून सांगितलं की पाठीवर उभं राहिलं तर नजर भिंतीच्या वर जाते. दिसायला हवं.

"हवं नाही चालत," शेवंताबाई म्हणाल्या. "पयल्या कथेच्या टायमाले तुमीच पत्रात लिहलतं. छापाच्या आधी पाहून घ्याव."

तसं मी लिहिलं होतं.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. पुढे परसराम आणि पांढरा बैल, मध्ये शेवंताबाई, मागे मी. उजव्या गुडघ्यामुळे त्या चारदा बसल्या. प्रत्येक वेळी परसराम म्हणायचे, "परत जाऊ?" आणि त्या उठायच्या. तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा पाठीमागचं आकाश राखाडी होत होतं. चौथ्यांदा बसल्या तेव्हा वर खिंडीच्या काठाला लाल रेघ आली होती.

खिंडीत पोचून तांड्याकडे वळलो आणि सूर्य आमच्या पाठीमागे वर आला. भिंतीच्या कडेने फक्त दूरचा भाग मला दिसत होता. खालच्या मुलखावर डोंगराची सावली पडलेली होती. तिला खांदे होते, माथा होता, खिंडीची खाच होती. सावलीच्या पलीकडे कापसाची शेतं उजेडात पांढरी झाली होती, त्यांच्यामागे धुक्यात टेकड्यांच्या सात ओळी. मी दोनदा मोजल्या. सावली मागे सरकत होती. डोळ्यांना कळेल इतक्या वेगाने. एकेक शेत तिच्यातून बाहेर पडत होतं आणि पांढरं होत होतं, आणि ती आमच्याकडे, पायथ्याकडे येत होती. आवाज कसलाच नव्हता. वहीत मी फक्त वेळ लिहिली.

परसरामांनी बैलाला भिंतीशी उभं केलं. मी हात दिला, एका दगडावरून शेवंताबाई पाठीवर बसल्या, मग गुडघा धरून उभ्या राहिल्या. तोल सावरायला त्यांनी दोन्ही हात वर नेले.

"दिसते का?" परसरामांनी विचारलं.

त्या मान पुढे काढून पाहत होत्या.

"बाई, दिसते का?"

"दिसते," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता. "सावलीत हाय अजून. धूर निघून राह्यला. आपला ओटा दिसते. पेटी दिसते वो!"

बैलाने पाय बदलला. त्या खाली आल्या त्या परसरामांच्या खांद्यावर, लागलं नाही.

"पुन्हा चढतं?"

"नको," शेवंताबाई म्हणाल्या. "पोरीलेबी येकदाच भेटलं."

उतरताना त्या बसल्या नाहीत. घरी आल्यावर सावली ओट्यावरून उतरत होती. पाटावर बसून त्यांनी शेवटची वही उघडली. नवरी तांडा पाहते तो मजकूर दोन पानांचा होता. आई, विहीर, एकेक घर, एकेकाचं नाव. तो त्यांनी उभ्या रेघेने खोडला. खाली काहीतरी लिहिलं, वही इतर वह्यांत ठेवली आणि सगळ्या जुन्या लुगड्यात बांधून माझ्याकडे दिल्या. मग अंगणवाडीची किल्ली घेऊन त्या निघाल्या.

"वाचाच्या आधी हात धुवा," जाता जाता म्हणाल्या. "कापसानं खाजते."

रविवारी मी पुसदहून परत निघालो. दिग्रसपर्यंत मागच्या काचेतून टेकड्या दिसत होत्या, नंतर सपाटी लागली. सोमवारी सकाळी अकरा वाजता गाठोडं प्रकाशकाच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांनी ते माझ्यासमोर सोडलं. शेवटच्या पानावर, खोडलेल्या मजकुराखाली, निळ्या शाईत दोन वाक्यं होती. तांडा दिसला. बैलाने पाय बदलला.