मिशीवाचून अडलेलं दुकान

माझी मिशी गावात नाव घेण्याजोगी होती, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. कॉलेजात ठेवली ती बावीस-तेवीस वर्षं ओठावर राहिली. लग्नाच्या फोटोत ती आहे, आधार कार्डावर आहे, पॅन कार्डावर आहे. वडिलांना ती अजिबात आवडायची नाही. 'मिशीच्या मागं कोणी माणूस हाय का बे?' असं ते चारचौघांत विचारायचे आणि चारचौघे हसायचे. मागच्या वैशाखात वडील गेले. दहाव्याला नदीवर न्हाव्यानं माझं डोकं आणि मिशी दोन्ही साफ केली. बाप गेला की मुलानं मिशी उतरवायची, ही आमच्याकडची रीत. समोर पडलेले केस पाहून मनात आलं, आता वडील बघायला हवे होते, खूश झाले असते. मग जे रडू आलं ते काही केल्या आवरेना.

आमचं गाव देऊळघाटापासून जवळच आहे. मी वांगी, मिरची, टमाटे लावतो आणि बायको जवसाची चटणी करते. तिचं माहेर डोणगावचं, चटणी तिथूनच तिच्याबरोबर आली. जवस बेतानं भाजायचा, लसूण-तिखट-मीठ घालून उखळात कुटायचा, मिक्सरचं नावसुद्धा काढायचं नाही. चार वर्षांपूर्वी तिच्या मनात आलं की ही चटणी मोबाइलवरच्या बाजारात विकावी. एका साइटवर ती दुकान उघडायला बसली आणि तिथले प्रश्न वाचून मला धाप लागली. आधार मागितलं, पॅन मागितलं, पासबुक मागितलं, विजेचं बिल मागितलं, वर चेहऱ्याचा फोटो. देऊळघाटच्या बाजारात मी पंधरा वर्षं वांगी विकतोय. तिथं गिऱ्हाईक फार तर 'कोणाचा रे तू?' एवढं विचारतं, आणि बापाचं नाव सांगितलं की वांगं दाबून बघायला लागतं.

मी बायकोला म्हणालो, 'हे कागदपत्रांचं लफडं तुला नाही झेपायचं. माझ्या नावावर टाकू दुकान.'

'चटणी माही अन् नाव तुमचं?' ती म्हणाली.

'नाव कोणाचं का असेना, घर एकच नं?' हे मी मोठ्या तोऱ्यात बोललो होतो. तेव्हा मिशी होती.

दुकान चाललं. लोकांनी पाचपैकी पाच तारे द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की बायको ओसरीवर बसून गिऱ्हाइकांचे अभिप्राय माझ्या आई-वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवायची. आईला प्रत्येक गाव कुठं आलं ते सांगावं लागे. वडील दर वेळी विचारत, 'मीठ कमी हाय असं कोणी लिवलं का?' कारण त्यांचं स्वतःचं मत तसं होतं आणि त्यांना साक्षीदार हवा होता. चार वर्षांत एकच मिळाला, अमरावतीचा. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

तर वडिलांची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर निरोप आला. दुकानाच्या मालकाची ओळख पुन्हा पडताळायची आहे, सात दिवसांच्या आत कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवा, नाहीतर दुकान कायमचं बंद होईल. बायकोनं तो निरोप तीनदा वाचला. चार वर्षांचे तारे, गिऱ्हाइकं, ओसरीवरचं वाचन, सगळं त्या एका चेहऱ्यावर येऊन ठेपलं होतं, आणि चेहरा माझा होता.

अंगणात खुर्ची टाकून मी बसलो. पडद्यावर एक गोल आला. डावीकडे पाहा. उजवीकडे पाहा. डोळे मिटा. शाळेतल्या कवायतीत मी इतकं नीट कधी वागलो नव्हतो. शेवटी लाल अक्षरं आली, 'चेहरा कागदपत्राशी जुळत नाही.'

'बरोबर हाय त्याचं,' बायको म्हणाली. 'मी बी दोन दिस दचकत होती तुमाले पाहून.'

मग तिनंच काजळाची डबी आणली आणि आधार कार्ड समोर धरून माझ्या ओठावर मिशी काढली. उन्हाळ्याचे दिवस, घामानं मिशी हनुवटीकडे निघाली. मोबाइल म्हणाला, चेहरा स्वच्छ करून पुन्हा प्रयत्न करा. आता मीही इरेला पेटलो. देवीच्या यात्रेत आमच्या गावात सोंगं निघतात, त्यात माझा चुलतभाऊ राक्षस होतो. त्याच्याकडून राक्षसाची मिशी मागून आणली. डिंकानं चिकटवली, तर ती एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोचली. मोबाइलनं बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, चौकटीत एकाच व्यक्तीनं बसावं.

त्याच वेळी आई बाहेर आली. 'बापाची तेरवी होऊन दोन दिस नाही झाले, अन् तू राक्षस होऊन राह्यला?' ती म्हणाली. मी मिशी ओढून काढली. ओठाचं सालटंही थोडं आलं. तीन प्रयत्न संपले म्हणून मोबाइलनं त्या दिवसापुरता पुढचा प्रयत्न बंदच करून टाकला.

मग फोन. अर्धा तास पिपाणी वाजली आणि एक मुलगी बोलायला आली. आवाज गोड, मराठी पुस्तकातलं.

'मॅडम, वडील वारले म्हणून मिशी काढली,' मी म्हणालो. 'माणूस तोच आहे.'

'मी समजू शकते सर. त्याचा काही पुरावा आहे का?'

'मिशी काढल्याचा?'

'वडील गेल्याचा, सर. तो अपलोड करा, आम्ही तपासून घेतो.'

मला ती मुलगी फार समजूतदार वाटली. ग्रामपंचायतीतून आणलेला मृत्यूचा दाखला मी लगेच चढवला आणि बायकोला म्हणालो, बघ, शेवटी माणसाशी बोललं की काम होतं. चार दिवसांनी उत्तर आलं. सुरुवातीलाच लिहिलं होतं, 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' चांगली माणसं आहेत म्हणत मी पुढं वाचलं, तर पुढं होतं की खातेदाराचं निधन झाल्याची नोंद आम्ही घेतली आहे.

घोटाळा असा झाला. आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. मला आजोबांचं ठेवलं, त्यामुळे वडिलांच्या नावामागं माझं नाव लागतं आणि माझ्या नावामागं वडिलांचं. आडनाव एकच. तीन शब्द तेच, पहिल्या दोहोंची जागा तेवढी बदलते. गावात यावरून कधी कोणाचा गोंधळ झाला नाही, कारण गावातली माणसं नाव वाचत नाहीत, तोंड बघतात. त्या साइटनं तीन शब्द मोजले, तिन्ही सापडले आणि मला मारून मोकळी झाली.

मी पुन्हा फोन लावला. या वेळी दुसरी मुलगी होती.

'सर, खात्याविषयी आम्ही फक्त खातेदाराशी किंवा वारसाशी बोलू शकतो.'

'मीच खातेदार आहे.'

'सर, आमच्या नोंदीप्रमाणे ते हयात नाहीत.'

'अहो, मग मी कोण बोलून राहिलोय?' माझा आवाज इतका चढला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

'ते सिद्ध करायला चेहऱ्याची पडताळणी करावी लागेल, सर. चेहरा कागदपत्राशी जुळला की नोंद बदलता येते.'

म्हणजे जिवंत व्हायला मिशी हवी, आणि मिशीला दोन महिने हवेत. हातात दोन दिवस होते. मी त्या मुलीला नको ते बोललो. तिनं 'आपला दिवस शुभ जावो' म्हणून फोन ठेवला. तिचा काही दोष नव्हता, हे कळायला मला चहा होईपर्यंत वेळ लागला.

एक वाट मात्र त्यांनी मोकळी ठेवली होती. खातेदाराच्या वारसाला दुकान तारे-गिऱ्हाइकांसकट स्वतःच्या नावावर करून घेता येत होतं. फॉर्म छोटा होता. वारसाचं आधार, वारसाचा चेहरा आणि खाली एक ओळ, 'मी जाहीर करते की वरील खातेदार माझे पती असून ते मरण पावले आहेत.' ओळीपुढं एक रिकामा चौकोन. त्यावर बोट ठेवलं की झालं.

सकाळचे दहा वाजले असतील. बायको ओसरीवर मोबाइल घेऊन बसली होती. समोर आई सुपात जवस घेऊन खडे वेचत होती. बायकोनं ती ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

'टाक टिक,' मी म्हणालो. 'मशीनच तर आहे. नोंद तर त्यांनी आधीच केलीय.'

'तुमी सांगून राह्यले हे?'

'हाव. तुझ्याच दुकानासाठी.' मला त्यात गंमतही वाटत होती. आपण बायकोसाठी मरायलासुद्धा तयार आहोत, असं काहीतरी मी मनात म्हणत होतो.

तिनं बोट पुढं नेलं. मागं घेतलं. पदराला पुसलं. पुन्हा नेलं. दुकानाचं नाव वर दिसत होतं, त्याच्या बाजूला ते तारे. बोट चौकोनावर टेकायला सुताचं अंतर राहिलं असेल आणि तिचा हात तिथंच अडला. चटणी कुटून कुटून दगड झालेला हात तो. आईनं मान वर केली.

'काय लिवलं हाय त्याच्यात?' आईनं विचारलं. मीच हसत हसत सांगितलं.

आई उठली. तिचे हात मोकळे झाल्याला अजून महिनाही झाला नव्हता. बांगड्या नसलेले ते हात बघायची मला सवय झाली नव्हती, अजूनही नाही. तिनं सुनेच्या हातातून मोबाइल घेतला आणि जमिनीवर पालथा ठेवला.

'आत्याबाई, दुकान जाईन,' बायको म्हणाली.

'जाऊ दे. या घरातून एका बाईनं ह्या महिन्यात तसं लिहून देल्लं. एवढं पुरे हाय.'

ग्रामपंचायतीत दाखल्याच्या अर्जावर आईचा अंगठा मीच धरून उठवला होता. शाई नीट उठली की नाही आणि किती प्रती काढाव्या लागतील, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. ती कशाखाली अंगठा देतेय, हे मी तिला वाचूनही दाखवलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून मळ्यात गेलो आणि पाण्याची पाळी नसताना वांग्यांना पाणी सोडून बसलो.

सातव्या दिवशी दुकान बंद झालं. बायको त्या ताऱ्यांसाठी खरंच रडली. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती चिडलीही नाही. तिसऱ्या दिवशी कपाट उघडून म्हणाली, 'माहं आधार कुठं हाय?' मी मदतीला गेलो तर तिनं खुर्चीसुद्धा मला आणू दिली नाही. अंगणात उभ्यानंच डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डोळे मिटले. हिरवी खूण आली. जे तिला झेपणार नाही असं मी चार वर्षांपूर्वी तोऱ्यात सांगितलं होतं, ते काम भाजी फोडणीला टाकून पोळी उलटेपर्यंत झालं. मी 'वा' म्हणालो. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.

नव्या दुकानाला एकही तारा नव्हता. दोन आठवडे कोणी फिरकलं नाही. मग एका दुपारी पहिली मागणी आली, नाशिकची, जुन्याच एका बाईंची. चटणीच्या वाटीचा फोटो ओळखून त्या इथवर पोचल्या होत्या. सोबत निरोप होता, 'ताई, खातेदाराच्या निधनामुळे दुकान बंद, असं जुन्या पानावर वाचलं. दादा गेल्याचं फार वाईट वाटलं. धीर धरा. एकटीनं दुकान पुन्हा उभं केलंत, कौतुक वाटतं. दोन किलो पाठवा.'

बायकोनं तो आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला, वडिलांसमोर वाचायची तसाच. आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती, आणि ते हसू मध्येच रडण्याकडे वळलं, मग पुन्हा हसण्याकडे आलं.

'त्यांना आधी कळव की मी आहे,' मी म्हणालो. 'उगाच माझ्या नावानं कोणी दुःख करायला नको.'

बायकोनं मोबाइल गुडघ्यावर ठेवला आणि एका बोटानं सावकाश लिहिलं. पाठवायच्या आधी मला दाखवलं. 'ताई, गेले ते माझे सासरे. हे आहेत, ठणठणीत आहेत, पुड्या बांधून देतात. दुकान माझं आहे.'

मी दोनदा वाचलं. चूक काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

'दोन किलो,' ती म्हणाली. 'घ्या बांधाले.'