एक एक गाठ

आचऱ्याच्या किनाऱ्यावर हरिश्चंद्र जाळी दुरुस्त करायचा, तेव्हा फाटके जाळे घेऊन पार मालवणहून माणसे येत. त्याने मारलेली गाठ जाळे कुजले तरी सुटायची नाही. त्याच गाठीने एकदा नातीचा हात जायची पाळी आणली.

सृष्टी तेव्हा सहा वर्षांची. आजी सावित्री पडवीत विळीवर बांगडे कापत होती. पोर धावता धावता घसरली, ती थेट त्या आडाळीच्या पात्यावर. कोपराच्या आतून रक्ताची चिळकांडी उडाली. हरिश्चंद्राने हातातली नायलॉनची दोरी तिच्या दंडाला करकचून आवळली. रक्त थांबले. आपण वेळ निभावली, असे त्याला वाटले.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी ती दोरी कापली. "आजोबा, बोटं निळी पडलीत. आवळायचं नाही, दाबून धरायचं."

जखमेवर कापडाची घडी ठेवून गोव्याच्या मोठ्या इस्पितळापर्यंत अडीच तास त्याने दोन्ही अंगठे उचलले नाहीत. गाडीत तोंडाने गावच्या रामेश्वराला गाऱ्हाणे चालू होते. एरवी गाऱ्हाण्याला अख्खा गाव साथ देतो; इथे 'व्हय म्हाराजा' म्हणायला शेजारी एकटी सावित्री.

तिथल्या सर्जननी सांगितले, धमनी तुटली आहे. पायातली शीर काढून मधे जोडू. हात वाचेल का, ते रक्त वाहू लागल्यावरच कळेल.

हरिश्चंद्राच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला. "डॉक्टरानू, सलग शिवतलात, की एक एक गाठ मारून?"

सर्जन थबकले. "एक एक गाठ. सलग दोरा ओवला, तर मूल वाढेल आणि शीर तिथेच आवळलेली राहील."

"मगे करा," तो म्हणाला. दिवसभरात त्याला तेवढाच धीर आला.

चार तासांनी सर्जननी त्याचा अंगठा धरून पोरीच्या मनगटावर टेकवला. नाडी लागत होती. हरिश्चंद्र तिथेच ढसाढसा रडला.

पुढे रोज चहाच्या आधी तो नातीची नाडी बघू लागला. सावित्री अलीकडे म्हणू लागली, "अकरा वर्सां झाली. आता तरी चेडवाचो हात सोडा!"

यंदा सृष्टी नर्सिंगला कोल्हापूरला निघाली. हरिश्चंद्राची नजर मंदावली आहे, जाळ्यांचे काम सुटून काळ लोटला. एष्टीच्या खिडकीतून तिनेच हात बाहेर काढला, त्याने मनगटावर अंगठा टेकवला.

"आजोबानू, लागता?"

"लागता गो."

कंडक्टरने दोनदा घंटी ओढली, तेव्हा कुठे त्याने मनगट सोडले.