अंधाऱ्या कपाटापुढची वेळ

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. बावीस वर्षं ती फळमाश्यांचं खाणं शिजवत होती: मक्याचं पीठ, साखर, यीस्ट. मार्चमध्ये नवरा गेला. पंधरा दिवसांनी ती कामावर आली, ॲप्रन चढवला, पातेलं ठेवलं. कुणी विचारलं की म्हणे, “बरं आहे.” खरं तर बरं-वाईट काहीच वाटत नव्हतं. झोप मात्र पार उडाली होती.

पीएच.डी. करणारी मुलगी एकदा तिला सांगत होती, “मावशी, मेंदूतल्या पेशींना बारीक दारं असतात. त्यांतून क्षारांचे कण आत-बाहेर करतात. ही उघडझाप नीट चालली की माशी वेळेवर झोपते. या माश्यांचं एक दार जन्मतःच बिघडलंय.”

“मग झोपत नाहीत?”

“अगदी थोडं.”

“माझ्या माहेरच्याच म्हणायच्या, डॉक्टरीणबाई.”

“अजून कुठली डॉक्टरीण!”

त्या माश्या आणि साध्या माश्या एकाच कपाटात होत्या. आपल्या दिवसा त्यांची रात्र, आणि आता आठ दिवस पूर्ण अंधार; उजेडाशिवाय त्यांचं अंगातलं झोपेचं घड्याळ कसं चालतं ते पाहायचं होतं. त्या खोलीत जायचं ते माश्यांना न दिसणाऱ्या लाल दिव्यातच.

गुरुवारी मावशी कपाटात ओलाव्यासाठी ठेवलेलं पाणी बदलायला गेली. कपाट उघडून उभी राहिली. भानावर आली तेव्हा वर ट्यूबलाइट चालू होती. तिने दार लावलं. कुणाला काही बोलली नाही. दोन मिनिटांनी काय होतंय!

सोमवारी मुलगी धावत आली. “मावशी, साध्या माश्यांचं घड्याळ गुरुवारपासून मागे पडलंय, बिघडलेल्यांचं जराही नाही! तीन वाजता सरांना दाखवते. दोन महिन्यांच्या मेहनतीचं चीज झालं!”

मावशी पातेलं ढवळत राहिली. पीठ खाली लागू लागलं, तेव्हा तिने गॅस बंद केला.

“गुरुवारी माझ्याकडून दिवा लागला होता. दार उघडं होतं.”

मुलीने लॅपटॉप उघडला. “किती वेळ?”

“दोन मिनिटं असतील.”

उजेडाची नोंद यंत्र वेगळी ठेवतं. ती मुलीने अजून उघडलीच नव्हती. आता उघडली. दहा वीस ते अकरा पाच.

“मावशी, पंचेचाळीस मिनिटं. काय करत होतात?”

मावशीने आठवून पाहिलं. काही आठवलं नाही.

“उभी होते,” ती म्हणाली.

मुलीने लॅपटॉप मिटला.

“प्रयोग नव्याने मांडावा लागेल.”

“खाण्याच्या बाटल्या किती?”

“चाळीस.”

मावशीने करपलेलं पातेलं घासायला घेतलं.