तक्रार : निरंक

खाली सही करणारा मी, वय वर्षे पंचावन्न, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, सकाळचा चहा आणि रक्तदाबाची गोळी दोन्ही घेऊन, समस्त वाचकांसमोर अत्यंत गंभीरपणे जाहीर करतो की — मी खोटारडा आहे.

हसलात? हसा. लोकांना हसवतच मी इथवर आलो. पण ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. म्हणजे — सांगितली, शंभरदा सांगितली, पण उलटी करून. तेच तर सांगायचंय.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. जळगावच्या एमआयडीसीत आमची कंपनी पाठीवरचे फवारणी पंप बनवायची. मी धुळ्याला शेतकीची पदवी घेतलेला, इस्त्रीच्या कपड्यांतला तरुण. शेठजींनी मुंबईहून एक नवा हुद्दा आणला — प्रॉडक्ट मॅनेजर — आणि माझ्या छातीवर चिकटवला. पाचोऱ्याच्या सासऱ्यांनी माझं कार्ड उलटसुलट करून विचारलं, "म्हणजे जावईबापू, तुम्ही माल बनवता की विकता?" मी म्हणालो, दोन्ही नाही, माल कसा असावा ते मी ठरवतो. काय रुबाब! आणि ठरवत कशाच्या जोरावर होतो मी? इतरांना विचारून. कोणाला विचारून? इथेच तर सगळी मेख आहे.

अमळनेरजवळच्या एका गावात नाना म्हणून मोठे बागायतदार होते. त्यांच्या ओट्यावर, बाजेवर बसून, मी माझं पहिलं 'सर्वेक्षण' केलं. नाना म्हणाले, टाकी मोठी करा भो, सोळा लिटरमा काय व्हस? वीसची केली की पाच खेपांचं काम चार खेपांत. मी वहीत लिहून घेतलं. शेठजी खूश, कारखाना खूश. श्रावणात वीस लिटरचा पहिला पंप तयार झाला आणि चाचणीसाठी नानांच्याच कपाशीत गेला.

पाठीवर घेतला सुपडूने. सुपडू नानांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, वजनाने भरलेल्या पंपाच्या दुप्पटसुद्धा नसेल. मी बांधावर छत्री धरून उभा. चौथ्या खेपेनंतर तो माझ्यापाशी आला आणि खाली बघत म्हणाला, "सायेब, वाकनं की झाकनमाईन औषध गयस. पाठले आग पडस."

ऐकलं मी. वाकलं की झाकणातून औषध गळतं, हे नीट ऐकलं. सदरा पाठीला चिकटला होता तोही पाहिला. त्याचा वासही आला.

आणि मग — लिहू का? लिहितो. चाचणीच्या अहवालात एक रकाना होता : वापरणाऱ्याची तक्रार. त्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'निरंक'. झाकणाचा साचा बदलायचा तर दोन-तीन महिने जाणार होते, माझं पहिलंवहिलं मॉडेल लांबणार होतं. शिवाय 'वापरणारा' म्हणजे नानाच, नाही का? सही त्यांचीच तर घेतली होती! बाजेवर बसून केली त्यांनी, अहवाल वाचलासुद्धा नाही. मी तो पंप त्यांना कंपनीतर्फे भेट देऊन टाकला. केवढा उदार मी!

दसऱ्याच्या आसपास सुपडू त्याच कपाशीत कोसळला. तोंडाला फेस. बारा दिवस अमळनेरला दवाखान्यात होता. जगला. पाठीची कातडी मात्र पोतेरं झाली होती, असं कानावर आलं. कानावर — कारण बघायला मी गेलोच नाही.

शेठजींनी केबिनमध्ये बोलावलं. "क्यों भाई, चाचणीत तर सगळं ठीक होतं ना?" त्या क्षणी एक वाक्य पुरेसं होतं. मी दुसरंच बोललो. म्हणालो, गड्याने खुणेच्या वर टाकी भरली, शेठजी, अडाणी माणूस.

मुळात त्या पंपावर खूणच नव्हती! खूण मी नंतर आखायला लावली. माहितीपत्रकात ठळक ओळ टाकली : 'खुणेच्या वर भरू नये.' झाकण तेच ठेवलं. ते माहितीपत्रक नानांच्या हाती पडलं आणि त्यांनी विचार केला, असल्या बेफिकीर गड्याला ठेवायचं कशाला? अक्षय्यतृतीयेला, आमच्या आखाजीला, सालदारांची वर्षाची बोली होते. त्या आखाजीला नानांनी सुपडूला ठेवलं नाही. दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन ऊसतोडीला सुरतेकडे गेला. त्या पाठीने. पुढचं मला माहीत नाही, मी शोधलंही नाही.

आणि मी काय केलं? मी त्याचा किस्सा केला हो! टाकी शिगोशिग भरणारा, डुलत चालणारा, 'सायेब, आग पडस' म्हणणारा सुपडू — चाल, आवाज, हातवारे, सगळं करून दाखवायचो. पगार वाढत गेला, हुद्दे वाढत गेले, पुण्याला ऑफिस मिळालं, आणि नव्या पोरांना मी शिकवायचो की ग्राहकाचं ऐकायला शिका. माझ्या थोबाडीत मारायला एकही माणूस उभा राहिला नाही. टाळ्या मारायला मात्र हॉलच्या हॉल भरलेले! कोणावर चिडू? माझाच नाच, माझीच तुतारी.

तो किस्सा पहिल्यांदा केला धुळ्यात, आखाजीनंतरच्या विक्रेत्यांच्या मेळाव्यात. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. शेठजी डोळे पुसत होते. मग पहिले चाचणी-शेतकरी म्हणून नानांना शाल-श्रीफळ दिलं, हार घातला आणि शेठजींनी त्यांच्यापुढे माईक धरला — नाना, दोन शब्द बोला पंपाबद्दल. नाना आयुष्यात माईकसमोर उभे राहिले नव्हते. गडबडले, माझ्याकडे बघितलं, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं बोलून गेले :

"पंप एक नंबर शे! वीस लिटरना, पन मले तं काहीच वजन लागनं नही!"