ठिणगीला लावलेलं खोबरेल

ती दुपार खरोखर घडली की मी स्टेशनातल्या बाकावर पेंगताना पाहिली, असं हल्ली कधीकधी वाटतं. एकोणिसावं शतक सरत आलं होतं. मी ठाण्याला तारमास्तर होतो, पंचविशीतला आणि स्वतःला भलताच हुशार समजणारा. बाळकुमला खाडीकाठी एका शेटजींचा बंगला होता. त्यांनी मोटार आणली होती. घोड्याविना चालणारी गाडी! ती सांभाळायला त्यांचे जुने कोचमनच होते, माजिवड्याचे ख्रिस्ती काका. बावीस वर्षं त्यांनी शेटजींचे घोडे हाकले होते.

त्या दिवशी काका घामाघूम होऊन माझ्याकडे आले.

"मास्तर, चला रे बाबा. गाडी मुकी झाली. शेट संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन निघणार. आज बंद दिसली तर मला घरी धाडणार, तसं बोललेच ते."

"अहो काका, मला मोटारीतलं काय कळतंय?"

"तुमच्या तारेत बी वीज, हिच्यात बी वीज."

मी गेलो. आंब्याच्या सावलीत मोटार उभी होती. पलीकडे मिठागरं उन्हात पांढरीशुभ्र चकाकत होती आणि पेट्रोलच्या गोडसर वासानं डोळे जड होत होते. मी सीटखालची लाकडी पेटी उघडली. बॅटरीच्या तारांची टोकं जिभेला लावून पाहिली, आम्ही तारवाले तसंच करायचो. आंबट झिणझिणी आली, म्हणजे बॅटरी जिवंत होती. तिच्यापुढे तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं, आधी जाड तार थोडी, वर बारीक तार हजारो वेढ्यांची. वेटोळ्याच्या डोक्यावर एक लवचिक पट्टी. ती थरथरत वीज जोडायची नि तोडायची. दर तुटण्यासरशी बारीक तारेत जोर उसळायचा, तो इंजिनावरच्या प्लगपर्यंत जायचा, आणि तिथे ठिणगी पडून आत पेट्रोलची वाफ पेटायची. हे एकेक उमगत गेलं तसा मी हरखून गेलो. तसा आनंद मला पुढे जन्मात झाला नाही.

पण पट्टी गप्प होती. बोट लावलं तर बुळबुळीत. वास घेतला. खोबरेल!

"काका, हे काय हो?"

"घातलं जरासं. दिवसभर थरथरते बिचारी. चाकाला वंगण देतो, तसं हिला."

"अहो, इथे कोरडंच हवं! तेलातून विजेला वाट मिळत नाही."

खिशात तारयंत्राच्या कागदाची फीत होती. तिनं पट्टीचं टोक आणि ते जिथे टेकायचं ती जागा घासून पुसली. मग पट्टी भुंग्यासारखी गुणगुणू लागली. प्लग काढून पाहिला तर एवढीशी निळी ठिणगी. प्लग परत बसवला, काकांनी हँडल मारलं आणि गाडी धडधडत सुरू झाली.

"वाचवलंस रे पोरा," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

आवाज ऐकून शेटजी पाहुण्यांसह बाहेर आले. "काय झालं होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. तार सैल झाली होती, एवढं म्हणालो असतो तर भागलं असतं. पण समोर चार बडी माणसं ऐकायला उभी, आणि माझी छाती फुगलेली. बॅटरीपासून ठिणगीपर्यंत सगळं सांगितलं, खोबरेलासकट. पाहुणे पोट धरून हसले. शेटजीही हसले. मग काकांना हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून येऊ नका तुम्ही."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणानं दुसऱ्याचाच बैल रिकामा केला. आणि लाज सांगायची तर पुढेच आहे. शेटजी म्हणाले, "बसा मास्तर, चक्कर मारू." मी बसलो.

शेटजी स्वतः चालवत होते. उन्हं सोनेरी झाली होती, वारा कानात भरत होता, रस्ता पाण्यासारखा मागे सरत होता. मला सुख वाटत होतं, खोटं कशाला बोलू? माजिवड्याच्या अलीकडे काका पायी घरी जाताना दिसले. मोटारीचा आवाज ऐकून ते कडेला झाले. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. कान देऊन फक्त इंजिन ऐकलं, आणि ठीक चाललंय अशी मान डोलावली.