दादाच्या मशीनचा सेल बदलताना

दर सात-आठ वर्षांनी मला एक सेल बदलायला काशीदला जावं लागतं. यार्डात सुट्टी मागताना हे कारण सांगितलं की साहेब हसतात. सेल बदलायला काय लागतं? जुना काढायचा, नवा घालायचा. मीही एकेकाळी असंच समजत होते, आणि त्याच समजुतीपायी दादाचं एक मशीन मारून बसले.

दादा माझा थोरला भाऊ. त्याचं अलिबागला व्हिडिओ गेमचं दुकान होतं. घरोघरी मोबाइल आले, दुकान बंद पडलं, आणि दोन मशीन उरली. उभी कपाटासारखी, पुढे दांडे आणि बटणं. ती त्याने काशीदच्या वाडीत आणून पाहुण्यांच्या खोल्यांसमोरच्या पडवीत ठेवली. एकात विमानं एकमेकांना पाडायची, दुसऱ्यात दोन पैलवान मारामारी करायचे.

या मशीनच्या बोर्डावर बोटाच्या पेराएवढा एक सेल असतो. बोर्डावरचा गेम कुलूपबंद असतो आणि त्याची चावी एका चिपच्या आठवणीत असते. ती आठवण त्या सेलवर जगते. सेल संपला, किंवा क्षणभर जरी निघाला, की चावी गेली. मग मशीन चालू केलं तर नुसता हिरवा पडदा दिसतो. परदेशात काही जणांनी असे बोर्ड पुन्हा उठवण्याच्या युक्त्या शोधल्या आहेत म्हणे. मी एकदा प्रयत्न केला. मला जमलं नाही. त्यामुळे आमच्यापुरता मेलेला बोर्ड मेलाच.

विमानांच्या बोर्डाचा सेल मी मागे बदलला तेव्हा शहाणपणा केला. दर वेळी सोल्डरचा डाग देत बसायला नको म्हणून तिथे क्लिपवाला होल्डर बसवला. आमच्या वहिनी पावसाळ्याआधी घर आवरतात ते शिस्तीत. बॅटऱ्या, घड्याळं, रिमोट, सगळ्यांतले सेल काढून, कागदात गुंडाळून डब्यात. खाऱ्या दमट हवेत सेल गळतात आणि वस्तू खातात, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मशीन पुसताना मागचं दार उघडं दिसलं, आत सेल दिसला, तोही त्यांनी काढला. दसऱ्याला पडदा हिरवा.

"गळला असता तर तुम्हीच बोलला असता ना, वन्सं?" वहिनी म्हणाल्या. बरोबर होतं. होल्डर मी बसवला होता.

आता उरला पैलवानांचा एकच बोर्ड. त्याला होल्डर नाही, सेल थेट डाग देऊन बसवलेला. त्याची मुदत संपत आली होती आणि दादा दर आठवड्याला फोन करत होता. म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी करंज्याहून स्कूटर तरीत, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या बोटीत, चढवली, रेवसला उतरले आणि काशीद गाठलं. मी बंदराजवळच्या यार्डात थंड कंटेनरचे कंट्रोलर दुरुस्त करते, त्यामुळे सोल्डरगन, मीटर, कटर सगळं स्वतःचं असतं. दादाने तरीही बाजारातून सेल आणून ठेवला होता.

"हा चालेल ना, बाय?"

"हा टॉर्चचा आहे, दादा."

"आकार तोच आहे."

"नारळ आणि बॉम्बचाही आकार तोच असतो."

तो हलला मात्र नाही. माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिला. मी बरोबर आणलेला सेल काढून ठेवला आणि जुन्याला मीटर लावला. जुना सेल भलताच उतरला होता. आणखी एक पावसाळा त्याने काढला नसता.

रीत अशी: आधी नवा सेल जुन्याला जोडून घ्यायचा, दोन्ही तारांना डाग द्यायचा, म्हणजे चिपला क्षणभरही उपास घडत नाही. मग जुना कापून टाकायचा. दोन्ही फार वेळ एकत्र ठेवायचे नाहीत, कारण नवा जुन्यात रिकामा होतो आणि जुना तापतो. शिवाय डाग देताना गन प्लगमधून काढायची, नाहीतर तिच्यातून निसटलेला करंट चिपला लागायचा. म्हणजे तापव, काढ, डाग दे, पुन्हा लाव.

पहिला डाग छान बसला. गन पुन्हा लावली, तापली असं समजून काढली, दुसरा डाग दिला. डाग मातकट आला, धड पकडलाच नाही. वर बघितलं तर पंखा थांबलेला. लाईट कधी गेली कळलंच नव्हतं.

"आता?" दादा म्हणाला.

"आता तू बाजूला हो."

कच्च्या डागावर भरवसा ठेवून जुना सेल कापायची माझी हिंमत नव्हती, आणि दोन्ही तसेच ठेवून लाईटची वाट बघायची सोय नव्हती. मी गन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिचं टोक गॅसवर धरायला निघाले.

"वन्सं, भात उतरू दे आधी."

"वहिनी, दोन मिनिटं."

"दोन मिनिटांत भात लागतो. पलीकडच्या शेगडीवर बोंबलाचं कालवण आहे, त्यावर तुमचं ते शिसं नको." त्यांनी भात उतरवला, कालवणावर ताट झाकलं, मग मला बर्नर दिला. गनच्या टोकाचं माझं चांगलं बिट, त्याचा ज्वाळेवर कोळसा झाला. ते पुन्हा कामाचं नव्हतं, पण एक डाग देण्याइतकं तापलं. मी पळत पडवीत आले, डाग दिला, तो चकचकीत बसेपर्यंत श्वास धरला, तार ओढून बघितली, आणि जुना सेल कटरने कापला. मीटरवर आकडा जागेवर राहिला.

बोर्ड बसवून मी दार लावलं. "लाईट आली की चालू करून बघू."

"कशाला?" दादा म्हणाला. "तू जेव आणि निघ. शेवटची तर चुकेल."

"बघितल्याशिवाय?"

"मीटर बरोबर आहे ना? मग झालं."

तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन आल्या. "हे कुठं चालू करतात? पहिलं गेल्यापासून दुसऱ्याला हात नाही लावलेला. पाहुण्यांनाही सांगतात, बिघडलंय."

मी दादाकडे बघितलं. तो पोफळींकडे बघत होता. मेलं असेल तर कळायला नको, म्हणून या माणसाने ते चालूच केलं नव्हतं. आणि मला दर आठवड्याला फोन. मला इतका संताप आला की ताटावर बसल्यावर कालवणाची चवही कळली नाही.

लाईट चारला आली. दादा "पाणी लावून येतो" म्हणून वाडीत निघून गेला. मोटर चालू झाल्याचा आवाज मात्र आला नाही. मी बटण दाबलं. पडदा काळा, मग आकड्यांच्या रांगा, मग दोन पैलवान, एकमेकांच्या अंगावर धावणारे.

"दादा!"

मी पडवीच्या कडेला आले.

"दादा, जिवंत आहे रे!"

तो पोफळीआडून आला. तिथेच उभा होता, पाईप हातात, कोरडा. पडवीच्या पायरीवर थांबून त्याने बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग पाईप खाली टाकला, लुंगीला हात पुसले आणि दांडा धरला. दुसऱ्याच फेरीत हरला. पुन्हा सुरू केलं.

"आवाज कमी येतोय," मान न वळवता तो म्हणाला.

स्पीकर हे वेगळं काम आहे आणि आज मी ते करणार नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. शेवटची तर गाठायची होती. मी स्कूटर सुरू केली तेव्हा वहिनी फाटकापर्यंत आल्या, तो आला नाही.