छत्रीवर पडलेला शिक्का

माझ्या पहिल्या निवडणुकीत मी माझ्याच विरोधात मत दिलं. रागाने नाही, की कुणी फितवलं म्हणूनही नाही. मतदानाच्या खोलीत शिरले, शिक्का उचलला आणि समोरच्या बाईच्या चिन्हावर ठोकला. तोही असा गच्च की कागदाच्या पाठीमागून दिसावा. आणि एका मताने पडले.

हे आज लिहायचं कारण माझी नात. ती पंचायत समितीला उभी राहते आहे आणि तिच्या प्रचाराची पोरं मोबाइलवर फिरवायला माझी माहिती जमवताहेत. परवा वाचून दाखवली. 'राजकारणाचं बाळकडू लाभलेल्या आजीसाहेब.' मी म्हटलं, बाळकडू कुठलं आणलंत? मला लाभल्या होत्या कपबशा. धुवायला.

लग्न होऊन वरवट बकालच्या अलीकडच्या या गावात आले तेव्हा सासरे सरपंच होते. आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणायचो. त्यांचे वडील गावचे पाटील, ते स्वतः सरपंच, आणि आमचे हे बाजार समितीत. घरात सकाळी आधी माणसं यायची, मग सूर्य. बैठकीत वीस माणसं बसली की चाळीस कप, कारण एका चहावर कुणी उठत नसे. मी दाराआडून ट्रे सरकवायची आणि रिकामा ट्रे ओढून घ्यायची. आत काय ठरतंय ते मला कपांवरून कळायचं. कप पटकन रिकामे झाले तर काम जमलं, चहावर साय धरली तर भांडण.

मामाजींचं निवडणुकीचं चिन्ह दरवेळी छत्रीच असायचं. ते ऊन असो, थंडी असो, छत्री घेऊनच गावातून फिरत. लोक घरात म्हणायचे, "छत्री येऊन राह्यली, खाट टाक बे." माझ्या लेकानं पाटीवर काढलेलं पहिलं चित्र छत्रीचं. सुनेला घरात घेताना माप ओलांडायला लावतात, आमच्या घरी जोडीने छत्रीलाही नमस्कार करायला लावला होता. मी केला. मला वाटलं कुळाचार असेल!

मग एका वर्षी सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. घरात सून मी एकटीच शिकलेली, म्हणजे दहावी झालेली. तेव्हा ठरलं मीच. मला कुणी विचारलं नाही, हे खरं. पण मला हवं होतं, हेही तितकंच खरं. वीस वर्षं ट्रे सरकवून मला एकदा त्या दाराच्या आतल्या बाजूला बसायचं होतं. हे मी कुणाला बोलले नाही. तोंडाने "मले काय समजते त्यातलं" असंच म्हणत राहिले आणि मनातल्या मनात खुर्चीवर बसायला कोणतं लुगडं नेसायचं ते ठरवून टाकलं.

समोर उभी राहिली माझी चुलत जाऊ. मामाजींच्या चुलतभावाची सून. दोन घरांत पूर्वीचंच वाकडं होतं. छत्री दोघांनी मागितली, तहसीलला चिठ्ठी टाकली आणि छत्री निघाली तिला. मला मिळाली कपबशी.

मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

पंधरा दिवस मी दारोदार फिरले. मेथीच्या वावरात, वांग्याच्या वावरात, जिथे बाया तोडणीला बसलेल्या तिथे जाऊन बसायची.

"माय, औंदा छत्री पाहू नका. छत्री त्याईची झाली. आपली कपबशी. काय?"

"कपबशी!"

"अन् छत्री?"

"छत्री जळो!"

एक म्हातारी मात्र रोज तेच विचारायची, "समदं समजलं वं बाई. पण सरपंचाची छत्रीच ना?" मी कपाळावर हात मारून घ्यायची. बाहेर येऊन म्हणायची, अशा अडाणी बायांमुळे निवडणुका बुडतात.

संध्याकाळी घसा बसला की मी मशीनवालीजवळ येऊन टेकायची. ही माझी मैत्रीण. तिचा नवरा हंगामात खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा, आणि ती आमच्या घराच्या रस्त्याकडच्या ओट्यावर शिलाई मशीन मांडून गावच्या बायांचे झंपर शिवायची. दुपारी घरची माणसं झोपली की मी तिच्या शेजारी बसून काजं-बटनं करायची, मशीनला तेल घालायची, आणि आम्ही दोघी गावाची उणीदुणी काढायचो. आमच्या घरचं ताक सकाळी पहिलं तिच्याकडे जायचं.

तेव्हा ती मला म्हणाली होती, "तू एवढा घसा फोडून राह्यली, पण सरपंच झाल्यावर मले वळखशील का? तुले तं जीप येईन घ्याले. माह्या मशीनले तेल कोण टाकीन?"

मी म्हटलं, "मशीनच जीपमधी टाकून नेईन."

"हाव, अन् मी काय टपावर बसू?" आम्ही हसून हसून लोळलो.

मतदानाच्या दिवशी घरचा नियम होता, वार्डातलं पहिलं मत उमेदवाराचं. सासूबाईंनी ओवाळलं. मामाजी दारात उभे राहून म्हणाले, "सूनबाई, शिक्का पुसट मारू नका. पुसट शिक्क्याचं मत बाद होते." तेवढं मी डोक्यात पक्कं धरलं. बाकी सगळं तिथून सांडलं असावं.

शाळेची खोली, पुठ्ठ्याचा आडोसा, गुलाबी कागद. कागदावर सगळ्यांत वर छत्री. अगदी मामाजींची, तशीच वाकडी मूठ. तिच्या खाली पतंग आणि त्याखाली कपबशी. आता सांगते ते खोटं वाटेल, पण कपबशी पाहून माझ्या मनात आलं, ही कुणी विसळायची ठेवली? आणि हात वर गेला. दाबून, गच्च, पुसट होऊ नये म्हणून.

शिक्का उचलला तेव्हा कळलं. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बाकावर बसलेले, मास्तर पेटीकडे हात करताहेत. चुकून खराब झालेली मतपत्रिका परत देऊन दुसरी मागता येते, हे मला पुढे सरपंच झाल्यावर प्रशिक्षणात कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की बोलले तर गावभर होईल. घडी घातली, पेटीत टाकली आणि बाहेर येऊन दिवसभर बायांना ओरडून सांगत राहिले, "कपबशी! विसरू नका, कपबशी!"

दुसऱ्या दिवशी तहसीलला मोजणी झाली. बाकीच्या जागा दोन्हीकडे सारख्या पडलेल्या, त्यामुळे माझी जागा ज्याची त्याचा सरपंच. एका मताने गेली. माझं मत जाग्यावर पडलं असतं तर मी एका मताने आले असते. हे गणित मला दहावीपर्यंतच्या एकाही गणितापेक्षा लवकर सुटलं.

मामाजी घरी आले ते मतदारयादी मागत. बैठक भरली. एकेका घरावर बोट ठेवून ते पुटपुटत होते. "मले आपली मतं घरटी पाठ हायेत. कोनतं तरी घर फुटलं. अन् सादंसुदं नाई फुटलं. म्या सोता पाह्यलं मोजताना, छत्रीची एक चिठ्ठी होती, तिचा शिक्का पाठीमागून दिसे. ज्यानं एवढा जीव लावून मारला ना, तो आपला जनमाचा दुश्मन हाय."

दाराआड मी भरलेला ट्रे तसाच मागे ओढला.

मग आमचे हे म्हणाले, "बाबा, मशीनवाली त्याईच्या सुनेचं झंपर शिवून राह्यली होती. मतदान करून आली तं तिच्यासंग हसत बी होती."

झालं. मामाजींनी यादीवरचं बोट उचललं. "आपल्या ओट्यावर बसून? उद्याच्याला मशीन उचलाले सांग. अन् ताक बंद."

बाहेरच्या माणसाला यातलं मशीन कळेल, ताक कळणार नाही. आमच्याकडे ताक विकत नाहीत. ज्याच्या घरी घुसळण त्याने द्यायचं, ज्याच्या घरी नाही त्याने गडवा घेऊन यायचं, कुणी उपकार मानायचे नाहीत. ते बंद झालं की गावाला न सांगता कळतं, या दोन घरांचं संपलं. भांडणाऐवजी ताक बंद करायचं, ही आमच्या राजकारणाची जुनी रीत. आणि मशीन उठली तर तिने मांडायची कुठे? तिचं घर एका खोलीचं, खिडकी नाही. दिवसा दिवा लावून सुईत दोरा ओवायचा, तर बाया कपडे घेऊन चिखलातून आतल्या गल्लीत येणार होत्या थोड्याच.

मी त्या दिवशी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गडवा घेऊन आली, सासूबाई म्हणाल्या, "आज घुसळलं नाई," आणि आत रवी चाललेली तिला ऐकू येत होती, तेव्हाही मी गप्प बसले. मनात हिशेब चालला होता माझा. बोलले तर हसं होणार, आणि या घरातून मला पुन्हा कुणी उभं करणार नाही. वीस वर्षांनी एक खुर्ची दिसली होती, ती कायमची जाणार. मशीन काय, मांडेल कुठेतरी. असं म्हणत होते मी. मैत्रिणीबद्दल.

दुपारी आमचे हे आणि गडी मशीन उचलायला आले. ती अर्धवट शिवलेले झंपर छातीशी धरून बाजूला उभी राहिली. मशीन बैलगाडीत चढताना फक्त म्हणाली, "दादा, तेलाची कुपी राह्यली माही कोनाड्यात."

ती कुपी मीच कोनाड्यात ठेवली होती.

डोक्यावर पदर ओढला आणि मी बैठकीत गेले. दाराआड नाही, आत. दहा-बारा माणसं होती. घाईत मी कुणाच्या तरी चपलेवर उभी राहिले, ती शेवटपर्यंत त्यानं ओढून घेतली नाही.

"मामाजी, मशीन खाली ठेवाले सांगा. तिनं नाई केलं. म्या केलं."

"काय केलं?"

"छत्रीवर शिक्का म्याच मारला."

कुणीतरी हसलं. मामाजी थकलेल्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, ती तुमची मैत्रीण हाय, मले माहीत हाय. पण राजकारणात दया नसते कराची."

म्हणजे माझ्या मूर्खपणावरही कुणाचा विश्वास बसेना! मी रडतरडत ओरडले, "पाठीमागून दिसे ना तो शिक्का? तुमीच सांगतलं होतं, पुसट मारू नका!"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग खुंटीवरच्या छत्रीकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. आणि हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. सासूबाई पाणी घेऊन धावल्या. "अबे," ते ओट्यावरून दारात आलेल्या यांना म्हणाले, "जनमाचा दुश्मन म्हून राह्यलो मी कवाचा, अन् थो दुश्मन माह्याच चुलीजोळ! तीस वर्सं छत्री-छत्री कोनं शिकवलं या घराले? म्याच ना? ठेव, ठेव ते मशीन जाग्यावर." आणि डोळे पुसत मला म्हणाले, "सूनबाई, पाच वर्सं हायेत. हात वळवा."

हात कसा वळवला ते पोरांच्या माहितीत नाही. पुढच्या निवडणुकीआधी मामाजी भेंडी कापून तिचा शिक्का करायचे, निळीत बुडवायचे आणि जुन्या वर्तमानपत्रावर कपबशी काढून द्यायचे. रोज सकाळी दहा शिक्के. आधी शिक्के, मग चहा. महिनाभर सराव झाला आणि चिन्ह मिळालं विमान.

त्या वेळी मी निवडून आले. सरपंच झाले. पहिल्या सभेत ग्रामसेवकाने सवयीने रजिस्टर यांच्यापुढे सरकवलं, तेव्हा मामाजींनीच छत्रीच्या टोकाने ते माझ्याकडे ढकललं. पुढे पंचायत समिती, एकदा सभापती, मग एकदा सपाटून हरले, तेव्हा मात्र मत बरोबर दिलं होतं. मामाजी गेले तेव्हा छत्री तिरडीबरोबर न्यावी की ठेवावी यावर घरात वाद झाला. ठेवली. तिच्या काड्या आता गंजल्यात. नात म्हणते, आजी, फोटोसाठी दे ना. देईन, पण उघडू नको, मिटेनाशी झालीय.

ओट्यावर आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. मशीनवाली खामगावला लेकीकडे असते. परवा फोनवर तिला विचारलं, पोरं माहिती गोळा करताहेत, त्या दिवशीचं सांगून टाकू का? ती म्हणाली, सांग, आता माहं कोन काय करते?

म्हणून सांगते. त्या दिवशी मशीन खाली उतरली, माणसं पांगली, आणि मी सासूबाईंना न विचारता ताकाचा मोठा गंज भरून ओट्यावर नेला. मला वाटलं, ती गळ्यात पडेल, मी म्हणेन, जाऊ दे वं, मैत्रिणीसाठी एवढं तं करावंच लागते. मी वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला पदराला धरून जवळ ओढलं आणि कानात म्हणाली,

"येडी हायेस का वं तू? कायले कबूल केलं? मामाजीचं बरोबर होतं. छत्रीवर म्या बी मारला, अन् तुह्यासारखा चुकून नाई, पाहून मारला. तू सरपंच झाली असती तं माह्याजोळ दुपारी कोन बसलं असतं? ठेव ते ताक खाली, अन् बस."